कोपऱ्यावरची परात

पवनीच्या लिलाधर हेडाऊंच्या घरात बैठक पुढे आणि कोशाच्या रेशमाचा माग मागच्या खोलीत. मध्ये काटकोनात वळणारा बोळ. त्यांची मुलगी मोनिका नागपूरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. २०२३ साली तिने प्रकल्पासाठी हेच घर निवडले. मिलिमीटर लहरी राबत्या घरात कशा फिरतात, हे तिला दाखवायचे होते. मागाजवळच्या कॅमेऱ्याचे चित्र तारेशिवाय बैठकीतल्या पडद्यावर आले तर पास. नाही आले, तर वर्ष गेले.

या लहरी फार आखूड. भरपूर चित्र वाहून नेतात, पण जाड भिंतीपाशी थांबतात आणि माणूस आडवा आला तरी अडतात. आठवडाभर पडदा काळाच होता. प्रकल्प तपासायला कॉलेजचे सर यायचे होते त्या सकाळी मात्र त्यावर एकाएकी धोटा फेकणारे लिलाधर उमटले. मोनिकाने टाळी वाजवली आणि ते नाहीसे झाले.

"बाबा, हलले का जी तुमी?"

"हललो नाही त लुगडं कसं विणू?" आतून आवाज आला.

मोनिकाने लहरी सोडणारी आणि झेलणारी अशा दोन्ही पेट्या तपासल्या, मग बोळात गेली. सकाळी कोपऱ्यावर आईने, शेवंताबाईंनी, घासलेली पितळी परात भिंतीला टेकवून वाळत ठेवली होती. आता ती जागा रिकामी होती.

"आई, परात कोठी गेली?"

"त्यात पुरीची कणीक भिजवून राहिली. तुह्या सराले उपाशी धाडू का?"

"मले दे ते! आरशावानी लहरी वळवते कोपऱ्यातून."

"अन् कणीक?"

"गंजात भिजव ना!"

कुरकुरत शेवंताबाईंनी कणीक स्टीलच्या गंजात, उभ्या पातेल्यात, काढली. परात धुऊन, पुसून कोपऱ्यावर गेली. मोनिका ती जराजराशी फिरवत राहिली आणि लिलाधर पडद्यावर परतले. तिने परातीखाली विटेचा तुकडा सारला.

सर आले. त्यांनी चित्र पाहिले, मान डोलावली आणि परात जवळून पाहायला बोळात शिरले. पडदा काळा झाला. "गेलं चित्र!" मोनिका ओरडली.

"सर, बाजूले व्हा जी," स्वयंपाकघरातून शेवंताबाई म्हणाल्या, "पोरगी नापास होऊन राहिली."

सर भिंतीला चिकटून उभे राहिले. पडद्यावर लिलाधरांचा धोटा पुन्हा चालू झाला. हसू आवरत सरांनी मोनिकाला एवढेच विचारले, "परातीचा कोन मोजला आहेस ना?"

मोजला होता. गंजातल्या कणकेच्या पुऱ्या मात्र थोड्या वातड झाल्या.