बारशाच्या आधी वायफाय

लेकीच्या, मंजिरीच्या दहावीला मी सोळा सोमवार बोलले होते. फळले. त्या जोरावर यंदा वायफाय नीट चालावं म्हणून संकष्टीला मीठ सोडलं, तर त्याच दिवशी जे गेलं ते आठवडाभर आलंच नाही! मेथीची एक जुडी निवडायला बसावं आणि देठांचाच ढीग व्हावा, तसे त्या एका आठवड्यात किस्से साठले.

जीव टांगणीला लागला होता तो नातीच्या बारशापायी. मुलगा निखिल जर्मनीत. रविवारी आपल्या दुपारी अडीचला पाळणा. नाव ठेवायचं आत्यानं, म्हणजे माझ्या मंजिरीनं, आमच्या घरून, कॉम्प्युटरवर कुर्र करून! भुशी डॅमच्या अंगाला डोंगराखाली आमचं घर. मोबाईलवर बोलणं कसंबसं होतं, चित्र नाहीच. आणि कॉम्प्युटर म्हणतोय, वायफाय सापडत नाही!

*

निखिलचा फोन. "आई, राउटर बंद कर, तीस सेकंद थांब, मग चालू कर."

मी बंद केला, जपमाळ घेतली आणि मोजायला बसले. तिकडे हा "आई? आई?" करतोय. जपात बोलणार कशी? माळ पुरी झाल्यावर फोन उचलला.

"आई, तीस म्हणालो होतो गं!"

"अरे, माळ अर्धी टाकतात का कुठे?"

*

आमचे दूधवाले आबा रोजच चौकशी करायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, त्यो डबा ठिवलाय कुटं?"

"देवघरात. प्लग तिथेच आहे ना."

आबा आत डोकावले. पितळी प्रभावळीच्या मागे राउटर, त्यावर हळदकुंकू. त्यांनी हात जोडले.

"मंग बराबर हाय. समदं नेट देवच वापरतोय, तुमास्नी कुटनं मिळंल?"

राग आला, पण डबा मुकाट्यानं हॉलमधल्या टेबलावर आणला. आणि कॉम्प्युटरला वायफाय सापडलं!

*

सापडलं, पण चालेना. रेघा सगळ्या भरलेल्या, नेट शून्य!

हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. "सिग्नल फुल, आणि गाडी जागेवर? आमच्या वेळी चौकशी बसली असती!"

"मग बसवा!" मी वैतागून म्हणाले.

ह्यांनी दोन तास खपून कॉम्प्युटरवर तक्रार टाईप केली. 'वरील विषयास अनुसरून' पासून 'कळावे' पर्यंत. मग माझ्याकडे बघत बसले.

तक्रार ईमेलनं पाठवायची होती!

*

रविवार उजाडला. दुपारचे दोन वाजायला आले, हे पेढे आणायला बाजारात, मंजिरी डॅमच्या गर्दीत अडकलेली. घरात मी एकटी. देवाचं नाव घेऊन कस्टमर केअरला फोन लावला. मुलगी बोलायला गोड होती.

"मॅडम, कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या."

"ह्यांच्या म्हणजे?"

"अगं, आमच्या ह्यांच्या!"

"मॅडम, नाव कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्यांचं नाव मी असं उघडं कधी घेतलेलं नाही.

"बाळ, पत्ता सांगितला तर?"

"नावच लागेल, मॅडम. घ्या ना!"

दोन वाजून दहा मिनिटं. पदर सारखा केला, घसा खाकरला आणि घेतलं.

"समईच्या वातीला तुपाची धार,
प्रभाकररावांच्या नावावर आहे इंटरनेटची तार!"

तिकडे टाळ्याच टाळ्या!

"आडनाव तेवढं साधं सांगा, मॅडम," ती हसू दाबत म्हणाली. मग हळूच, "आणि तो उखाणा पुन्हा एकदा सांगाल? पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."

तिनं तिथूनच काय केलं देव जाणे, पण स्क्रीनवर पाळणा दिसला! मंजिरी चपलांसकट आत धावली आणि स्क्रीनला तोंड लावून कुर्र केलं. चपलांचं मी काही बोलले नाही.

बायांनो, एवढं माझं ऐका. तुम्हीही एक बरासा उखाणा राउटरशेजारी लिहून ठेवा.