कडुनिंबावर मी, दोरीला नवरा

आमचा धंदा झाडं छाटायचा. नवरा वर चढतो, मी खाली दोरी धरते, आणि लोकांना वाटतं सगळं काम वरचाच करतो. त्याच्या अंगाला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, कमरेला करवत. माझ्या अंगात त्याचा जुना शर्ट. बघणारे माना वर करून त्याचं कौतुक करतात. खालच्या बाईने दोरी सोडली तर काय होईल, हे कुणाच्या मनातही येत नाही. मला याचा राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतला तो कडुनिंब मला जन्मभर पुरणार आहे.

टॉवेलच्या कारखान्याच्या आवारातलं झाड ते. वाऱ्याने एक जाड फांदी तडकली होती आणि बरोबर यंत्रमागांच्या शेडवर, सिमेंटच्या पत्र्यांवर ओणवी झाली होती. मालक म्हणाले, झाड मुळापासूनच काढा, परवानगीचं मी बघतो. शेडमधल्या बायका दारात येऊन ऐकत होत्या. दुपारी त्या याच झाडाखाली डबे सोडायच्या. आत तापलेल्या पत्र्याखाली बसून भाकरी घशाखाली उतरत नाही. त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याकडे बघत नुसती मान हलवत होती, नको, नको.

माझं तोंड मला कधी आवरलेलं नाही. "फांदी तेवढी काढू की साहेब. झाडाला काय धाड भरलीय?"

"आणि पत्रा फुटला तर?"

"न्हाय फुटत."

"एक जरी फुटला, तरी झाड जाणार. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. नवरा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी घरच विकून आले.

तो चढला, वरच्या दणकट बेचकीतून दोरी ओवली, तिचं टोक तडकलेल्या फांदीला बांधलं, फांदीच्या शेंड्याला बाजूला ओढायला एक बारीक दोरी बांधून सोडली, आणि खाली उतरला. कापायला जिथं उभं राहायचं ती फांदी बारीक होती, आणि कडुनिंब दिसायला कणखर असला तरी कटकन मोडतो. "तितं माझं वजन न्हाय चालायचं," तो पोटावर हात ठेवून म्हणाला.

"मग माझं चालंल."

"तू?"

मैंदर्गीत, माझ्या माहेरी, लहानपणी मी शाळेत कमी आणि चिंचेवर जास्त असायची. लहानसहान झाडांवर पट्टा घालून हातही बसवला होता. तो नाही-होय करेपर्यंत मी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला सुद्धा.

वर जाताना गांधीलमाश्यांचं पोळं आहे का ते आधी बघायचं. आपल्या पट्ट्याची दोरी दुसऱ्या धडधाकट फांदीला बांधायची, कापायच्या फांदीला नाही. हसू नका, तसं बांधणारे असतात. मी सगळं नीट केलं, दोरी ओढून बघितली, आणि मग मान वर केली. आईशप्पथ! पत्र्यांमागे पत्रे, वाळत घातलेल्या चादरी, गेटापाशी सायकलींची रांग, आणि पायाखाली झुलणारी फांदी. मला उगाचच हसू फुटलं. आजवर हे सगळं सुख हा माणूस एकटाच भोगत होता!

फांदीला आधी खालून खाच द्यायची, नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलत जाते. मग वरून कापायचं. मी खाच दिली. "धरली का वो?" मी ओरडले. मागांच्या खडखडाटात खालून "व्हय" असं काहीतरी आलं. मी करवत चालवली.

आता खालच्या माणसाचं काम सांगते. दोरीला झाडाच्या बुंध्याभोवती वेढे द्यायचे आणि हळूहळू सोडायची. भार बुंधा घेतो, आपण नाही. माझ्या नवऱ्याने एवढी वर्षं खाली काय चालतं ते कधी बघितलंच नव्हतं. त्याने दोरीचं खालचं टोक सरळ आपल्या कमरेला बांधलं होतं.

फांदी कडाडली, खाली गेली, आणि पाला बाजूला सारत माझा नवरा वर आला.

फांदी पत्र्याच्या वीतभर वर थांबली होती, आणि हा हवेत पाय झाडत होता. ज्या पोटावरून मी त्याला बोलायचे, त्यानेच तिला तोलून धरलं होतं. मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात तो कमरेची गाठ सोडायला लागला.

"गाठीला हात लावू नका!" माझं हसू पळालं. तो सुटला असता तर तो खाली, फांदी पत्र्यावर, आणि झाड कायमचं गेलं असतं. मी शेडकडे तोंड करून गळा फाडला. "अवं बायांनो, धावा! ह्यांचे पाय धरा!"

धावल्या की सगळ्या! कुणी मराठीत, कुणी तेलुगूत आरडाओरडा करत त्याच्या पायांना लोंबकळल्या. तो खाली आला, तशी फांदी वर गेली. गेटावरच्या वॉचमनने तिच्या शेंड्याची ती बारीक दोरी धरून तिला शेडपासून लांब ओढलं.

"आता ह्यांना झाडाभोवती फिरवा!" मी वरून ओरडले. वटसावित्रीला आम्ही बायका फेरे घालतो. त्या दिवशी नवऱ्याने घातले, मागून ढकलणाऱ्या बायकांसकट. बुंध्याला वेढे बसले, दोरीने भार घेतला, मग त्याची गाठ सोडली. फांदी सावकाश जमिनीला टेकली. मी वरच बसून आनंदाने रडत होते.

मालक शिडीवर चढून पत्रे बघत होते. ते खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "राहू दे झाड." बायकांनी जो गलका केला त्यात मागसुद्धा ऐकू येईनात.

मी उतरले तेव्हा त्यांनी सावलीत डबे मांडले होते. वॉचमन सवयीने खराटा घेऊन माझ्याकडे आला, कारण छाटणी झाली की पाला झाडायचं काम बाईचं. मीही सवयीने हात पुढे केला. म्हातारीने मधेच तो खराटा काढून घेतला, माझ्या नवऱ्याच्या हातात दिला, आणि मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

"वर व्हती न्हवं ती," ती त्याला म्हणाली. "जेवू दे तिला."