श्रीखंडाच्या डब्यांवरची बोट

लेक दहा वर्षांची असताना तिने प्लास्टिकच्या ठोकळ्यांची बोट करायला घेतली होती. रिमोटवर चालणारी, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी चाकं असलेली. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये महिनाभर पाय टाकायची सोय नव्हती. अनवाणी पायाखाली ठोकळा आला की काय होतं, ते ज्याला लागलंय त्यालाच कळतं. खाली श्रीखंडाचे दोन रिकामे डबे लावू, असं तिचं म्हणणं. मी पडलो इंजिनिअर. "ही काय बोट झाली? सगळी ठोकळ्यांचीच हवी. सरक, मी करतो," म्हणालो.

ती सरकली. मी केलेल्या बोटीत फटींतून पाणी शिरलं आणि ती टबाच्या तळाला गेली. मोटरही कामातून गेली. लेक रडली नाही. "डबे लावायला हवे होते," एवढंच म्हणाली आणि अभ्यासाला बसली. पुन्हा तिने त्या ठोकळ्यांना हात लावला नाही. चुकलो म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आता ती जर्मनीत नोकरी करते. तीन वर्षांत घरी आलेली नाही. यंदा दिवाळीला येते म्हणाली, तशी मी माळ्यावरून ठोकळ्यांची पिशवी काढली. नवी मोटर आणली, श्रीखंडाचे दोन डबे झाकणं घट्ट लावून खाली बसवले. "आता तरी लेकीचं ऐकलंत," बायको म्हणाली. बोट तरंगते का, तेवढं टबात पाहिलं आणि लेकीला फोनवर कळवलं. चालवून मात्र पाहिली नाही. रिमोट तिच्या हातात द्यायचा आणि आपण बाजूला गप्प बसायचं, एवढंच मला हवं होतं. फार हवं होतं.

सोसायटीची गणपती विसर्जनाची मोठी टाकी पार्किंगमध्ये वर्षभर पालथी पडलेली असते. ती मागितली तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्यात गणपती सोडून काही बुडवायचं नाही."

"बुडवायचं नाहीच, तरंगवायचंय," मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण टाकी दिली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी टाकी भरली, बोट पाण्यावर ठेवली, आणि तिचा फोन आला. रजा मिळाली नव्हती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "असू दे गं, काम महत्त्वाचं," वगैरे मी बोललो.

"बोट तयार आहे ना, बाबा? मग तू चालव. मी व्हिडिओवर बघते."

रिमोट माझ्या हातातच होता. "अगं, सेल संपलेत," मी म्हणालो. सेल सकाळीच नवे घातले होते.

"मग नवे आणू नकोस," ती म्हणाली. "मी येताना आणते."