बिनफोटोची स्थळं

माझा मामा लिफ्टचा मेकॅनिक. लोअर परळला गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या कितीतरी टॉवरांतली माणसं त्याच्या भरवशावर वरखाली करतात. या धंद्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, वाट बघणं त्याला कधी जमलं नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत हा ताट घेऊन बसलेला. कोणी गोष्ट सांगायला लागलं की, "शेवट काय झाला ते सांग," म्हणणारा.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत तो आमच्याकडेच राहायचा. कोकणातून नोकरीसाठी आला तो बहिणीकडे उतरला आणि मग उतरलेलाच राहिला. आधी धाकट्या मावशीचं लग्न, मग गावच्या घराचं छप्पर, मग आजीचं आजारपण. या सगळ्यातून मान वर करून बघितलं तेव्हा मामा पन्नाशीला टेकला होता आणि गॅलरीतल्या खाटेवर एकटा झोपत होता.

एक दिवस आईनेच विषय काढला. "इंटरनेटवर नाव घालूया तुझं. हल्ली घालतात सगळे."

मामा लाजला. पन्नाशीचा माणूस लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते. पण नको म्हणाला नाही. मी वधूवर सूचक साइटवर त्याची माहिती भरली, त्याचा त्यातल्या त्यात हसरा फोटो शोधून टाकला आणि माझा जुना लॅपटॉप त्याच्या हवाली केला. तिथून खरी पंचाईत सुरू झाली.

लॅपटॉप जुना, आमचं वायफाय मरतुकडं, आणि त्या साइटवर एकेका बाईचे मोठाले फोटो. पान उघडलं की फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचा. आधी केस. मग थोडं थांबून कपाळ. मग भुवया. मामाला तेवढा दम नव्हता. नाकापर्यंत फोटो यायच्या आत त्याचा निकाल लागलेला असायचा.

"कपाळ मोठं आहे," म्हणून पुढे.

"भुवया रागीट वाटतात," म्हणून पुढे.

आई मागे उभी राहून तळमळायची. "मेल्या, हनवटीपर्यंत तरी थांब मरे! बाईचं तोंड हसरं असेल, तुला काय ठाऊक?"

महिनाभरात मामाने अर्ध्या मुंबईतल्या उपवर स्त्रिया कपाळावरून नापसंत केल्या. वर म्हणायचा, "माझा दोष नाही ताई. पान हळू आहे. लिफ्ट अशी चालली असती तर लोकांनी मला शाफ्टमध्ये ढकलला असता."

मग कुठेतरी त्याने एक व्हिडिओ बघितला. ब्राउझरच्या आतली सेटिंग बदलली की पानं सुसाट उघडतात, असं त्यात एक माणूस छातीठोक सांगत होता. रविवारी सकाळी मामा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून लॅपटॉपसमोर बसला. मी भाजी निवडत शेजारी होते.

"ह्यात एक चोरपान आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "साध्या लोकांना दिसत नाही. वर पत्ता टाइप करून जावं लागतं."

ते पान मला माहीत होतं. प्रायोगिक सोयींची ती लांबलचक यादी, आणि सगळ्यात वर तांबड्या अक्षरांत इशारा की, इथे हात लावलात तर जबाबदारी तुमची.

"मामा, हे तांबडं वाच आधी."

"आमच्या प्रत्येक पॅनलवर धोका लिहिलेला असतो. कवटी काढलेली असते, बाय. ह्यात कवटीसुद्धा नाही."

लिफ्टचं काम मामा फार शिस्तीने करतो. एक वायर सोडायची, तपासायची, मग दुसरीला हात लावायचा. पण इथे त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. जे जे बंद होतं ते त्याने चालू केलं आणि जे चालू होतं ते बंद केलं. काही नावं त्याला आवडली म्हणून चालू केली. "पॅरलल डाउनलोडिंग. बघ, दोन लिफ्ट एकदम." मग नेहमीच्या सेटिंगमध्ये शिरून, चष्मा सापडत नव्हता म्हणून, अक्षरांचा आकार वाढवून ठेवला. शेवटी ब्राउझर बंद करून परत उघडला.

पडदा काळाकुट्ट. त्यावर पांढरी अक्षरं, एकेक लाडवाएवढं. वेग म्हणाल तर होता तेवढाच.

मी म्हटलं, "एक बटण आहे, सगळं पहिल्यासारखं करायचं. दाबू?"

"रीसेट? रीसेट करणारा मेकॅनिक नव्हे." आणि त्याने लॅपटॉप उचलून गॅलरीत नेला, कारण तिथे वायफाय जरा बरं यायचं.

ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी चूक. चाळीतली गॅलरी म्हणजे आधीच सार्वजनिक जागा, त्यात लाडवाएवढी अक्षरं. समोरच्या गॅलरीत चाळीतल्याच एक काकू मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी तिथूनच मोठ्याने वाचलं, "शिक्षण बी.कॉम. होय का? चांगलं आहे की!"

मामा दचकला. पण लॅपटॉप मिटला नाही, कारण नेमका तेव्हाच त्याला साइट सेटिंगमध्ये शेवटचा खटका सापडला होता: चित्रं दाखवू नका. त्याने तो दाबला.

आणि पान आलं. टिचकी मारली की हजर. पुढचं पान, हजर. त्याच्या पुढचं, हजर. मामा अक्षरशः उभा राहिला. "ताई! ये बघायला! पळतंय!"

आई हात पुसत आली. तिने पडद्याकडे बघितलं. जिथे फोटो असायचे तिथे राखाडी चौकोन. "आणि मुली खय गेल्यो?"

"मुली आहेत. फक्त फोटो नाहीत."

"तुका कळता काय? बघायच्या कुणाक मग?"

पण मामा ऐकण्यापलीकडे गेला होता. इतकं भराभर पान उघडत होतं की तो दुपारभर पानंच उघडत बसला. बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे वाचायला लागला. काकूही वाचत होत्या, समोरून. एका ठिकाणी "गृहकृत्यदक्ष, सालस, मनमिळाऊ" असं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे काही खरं नाही. हे तिच्या भावाने लिहिलेलं आहे." मामाने मान डोलावली आणि पुढे गेला. दोघांचं एकमत होत होतं.

मग एक पान आलं आणि मामाचं बोट थांबलं. मी वाकून वाचलं. माटुंग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करणारी, मामाहून थोडी लहान बाई. अपेक्षा या रकान्यात तिने लिहिलं होतं: "आई माझ्याजवळ राहते आणि राहील. मला मासे खायला आवडतात, साफ करायला नाही. सिनेमा संपल्यावर पडद्यावरची नावं संपेपर्यंत मी उठत नाही. घाई असलेल्यांनी कृपया संपर्क करू नये."

मामाने ते पुन्हा वाचलं.

"बाय," तो मला हळूच म्हणाला, "मला घाई असते का गं?"

मी तोंड फिरवून हसू दाबलं. उत्तर आईने दिलं. "तू सातव्या महिन्यात जन्मलास. काय ते समज."

तरी त्याने निरोप पाठवला. एकच ओळ लिहिली: "मासे मी साफ करतो." चार दिवसांनी तिकडून उत्तर आलं. ते चार दिवस मामा कसा जगला हे आमच्या घराला विचारा. उत्तरात दादरला भेटायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "चित्रं परत चालू करून देते. चेहरा तरी बघून ठेव."

"नको," मामा म्हणाला. "पान परत हळू होईल." पण पानाचं ते निमित्त होतं. तो घाबरला होता.

दादरच्या उपाहारगृहात मामा, आई आणि मी वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन बसलो. बाई वेळेवर आल्या. मामापेक्षा टीचभर उंच, केस अर्धे पांढरे आणि न रंगवलेले, कपाळ चांगलं ऐसपैस. मामाच्या माहितीत मीच भरलं होतं, उंची वरापेक्षा कमी हवी. आईने माझ्याकडे बघितलं. मामा उभा राहिला आणि उभाच राहिला.

"तुमचा फोटो बराच जुना आहे," त्या बसता बसता म्हणाल्या.

"तुमचा मी बघितलाच नाही," मामा म्हणाला.

आईने टेबलाखालून त्याला पाय मारला, तो मला लागला.

"का?" त्यांनी विचारलं.

मग मामाने त्यांना सगळं सांगितलं. चोरपान, तांबडी अक्षरं, काळा पडदा, शेवटचा खटका. पहिल्या भेटीत कुठल्याही पुरुषाने कुठल्याही बाईला ब्राउझरबद्दल एवढं सांगितलं नसेल. आई डोळे मिटून बसली. पण त्या ऐकत होत्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मला वाचून आलात."

"हो," मामा म्हणाला.

मिसळ आली. मामाने नेहमीसारखी भराभर संपवली. मान वर करून बघतो तर त्यांचा पाव अजून निम्मा होता. त्या सावकाश घास घेत, मधेच कॉलेजातलं काहीतरी सांगत होत्या. आम्हाला वाटलं, आता हा बिल मागवणार. पण मामाने रिकामी बशी बाजूला सरकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसला. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

पावसाळा सरल्यावर दोघांनी रजिस्टर लग्न केलं. नव्या मामीच्या आईला जिने चढवत नाहीत, म्हणून मामाच माटुंग्याला राहायला गेला. सामान म्हणजे एक बॅग आणि हत्यारांची पेटी. काकूंनी गॅलरीतून हात हलवला आणि डोळे पुसले. त्या मिरच्यांमुळे, असं म्हणाल्या.

संध्याकाळी आई रडायला लागली. बाबा म्हणाले, "अगं, माटुंग्याला गेलाय तो, मस्कतला नाही." ते ऐकून ती आणखीच रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती. डब्यात बांगड्याचं तिखलं भरून तिने माटुंगा गाठलं होतं.

दुपारी परतली ती खुशीत. मी विचारलं, "काय करत होता मामा?"

"सासूला पेपर वाचून दाखवत होता," आई चप्पल काढत म्हणाली. "छोट्या जाहिरातींसकट."