चुन्याच्या चार रेघा

बस्त्याव मेस्त्री गेल्याचा निरोप आला, तेव्हा वसई कोर्टाबाहेरच्या माझ्या अर्जलेखनाच्या टेबलावर मी एका वारसाच्या अर्जात ‘मयत’ हा शब्द लिहीत होतो. लोकांची दुःखे योग्य शब्दांत मांडण्यात माझी हयात गेली. त्या दिवशी स्वतःसाठी एकही शब्द सापडला नाही.

आगाशीजवळच्या त्याच्या गॅरेजात त्याच्या वडिलांचा जुना ट्रक उभा असे. त्यातून वडिलांनी जन्मभर केळीचे घड वाहिले होते. चर्चच्या सणाला गावची मुले त्यात बसवून मिरवणुकीत न्यावीत, एवढीच बस्त्यावची इच्छा होती. त्यासाठी त्याने पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून नवे डिस्क ब्रेक बसवले. मागचे ड्रम तसेच राहिले. मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज अर्थातच माझ्या हातचा होता. ‘सदर वाहनाचे ब्रेक सुस्थितीत असून’ हे वाक्यही माझेच. आणि माझे वाक्य आजवर कोणत्याही कचेरीतून परत आलेले नाही.

सणाच्या दोन दिवस आधी मी अर्जावर त्याच्या सहीसाठी गेलो, तर हा वाकून चारही टायरांवर चुन्याने रेघा मारत होता.

“सही कर, वेळ नाही,” मी म्हणालो.

“थांब रे वकील.” मी वकील नाही हे ठाऊक असूनही तो मला तसेच म्हणे. “लांब उभा राहा आन् सांग, कुठली रेघ आधी थांबते.”

तो रिकामा ट्रक गॅरेजसमोरच्या मैदानात वेगाने घेऊन आला. ब्रेक लागला, मागच्या रेघा जागीच थिजल्या, पुढच्या मात्र अजून फिरत होत्या. आणि ते अवजड धूड मागून घसरत आडवे होऊन माझ्यापासून चार हातांवर थांबले.

“मागची...” मी कसाबसा बोललो.

“पुढचं चाक आधी धरायला पायजे. मागचं आधी धरलं की गाडी अशी फिरते. आत पोरं असती तर?”

“पण अर्जात मी सुस्थितीत लिहिले आहे!”

“तुझा कागद चांगला हाय. पन गाडीला वाचता येत नाय.”

मला राग आला, हे कबूल करतो. मिरवणूक ट्रकविनाच निघाली. “काय मेस्त्री, म्हातारा ट्रक लाजला काय?” असे टोमणे त्याला ऐकावे लागले. पुढे कित्येक रविवार, चर्चमधली मिस्सा आटोपली की तो मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या तेलाचा दाब व्हॉल्व्हने थोडा थोडा कमी करी, पुन्हा रेघा मारी आणि मला लांब उभे करी. पुढच्या रेघा आधी आणि मागच्या क्षणभर नंतर थांबू लागल्या, तेव्हाच त्याने सही केली. पुढच्या सणाला मुले त्या ट्रकात गात गेली. त्याच्या शेजारच्या सीटवर मी होतो.

त्याच्या आजारपणापासून ट्रक उभाच होता. गेल्या आठवड्यात त्याची मुलगी सुझान तो स्वतःच्या नावावर करून घेण्याच्या आणि मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जासाठी आली. यंदाच्या सणाला तीच तो चालवणार आहे.

“काका, ब्रेक चांगले आहेत असं लिहा. डॅडींनीच केलेत ना.”

मी ‘सुस्थितीत’मधला ‘सु’ लिहिला आणि पेन खाली ठेवले.

“आधी गॅरेज उघड, बाळ.”

खिडकीत चुन्याचा डबा होता, ब्रश आतच वाळून घट्ट झालेला. मी त्यात पाणी ओतले, चारही टायरांवर रेघा ओढल्या. सुझान स्टिअरिंगवर बसली. मी मैदानात जाऊन, बस्त्यावने दाखवलेल्या जागी, लांब उभा राहिलो.