सावडीची मॅच

सोमवारची सकाळ. मी शाळेच्या मैदानावर फक्कीने रेषा मारत होते. रेषा नेहमीप्रमाणे वाकडी गेली होती आणि मी स्वतःवरच करवादत होते, तेवढ्यात दत्तूचा फोन आला. दत्तू म्हणजे आमच्या धोंडिभाऊंचा मुलगा. "बाई, आबा ऱ्हायलं न्हाईत," एवढंच बोलला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवता उतरवता भाऊ खाली बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपलं सगळं. मला खरंच वाटेना. आदल्याच दिवशी, रविवारी, याच मैदानाच्या कडेला उकिडवे बसून माझ्याशी वाद घातला होता त्यांनी. त्यांनी रोवलेले गोलचे बांबू अजून उपटलेसुद्धा नव्हते. मी फक्कीचं घमेलं त्या वाकड्या रेषेवरच ठेवून दिलं. मुली विचारायला लागल्या, "बाई, काय झालं?" काय सांगायचं... त्यांच्यातच काजल उभी होती, भाऊंची नात. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. ते मला सांगावं लागलं.

मी पिंपरी पेंढारजवळच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माहेर घोडेगावचं. शाळेत मी मुलींचा फुटबॉल सुरू केला तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली होती, आणि त्याचा मला चांगलाच माज होता, खोटं कशाला बोलू? रोज संध्याकाळी दीड तास सराव. पास, धाव, पुन्हा पास. माझ्या मुली रांगेत अशा पळायच्या की बघणारा म्हणायचा, वा! मॅच मात्र वर्षाकाठी एकच, तालुक्याच्या स्पर्धेतली. मधल्या काळात कुणी खेळायला बोलावलं तर माझं उत्तर ठरलेलं असायचं: अजून पक्क्या झाल्या नाहीत. उगीच हरून यायचं आणि हसं करून घ्यायचं, कशाला? तीन वर्षांपूर्वी त्या एका मॅचमध्ये आम्ही पाच गोल खाल्ले. गोलमध्ये काजल होती, सातवीतली, सरावात माझी सगळ्यात भरवशाची मुलगी. त्या दिवशी ती रेषेवर खांबासारखी उभी राहिली. चेंडू शेजारून जात होता आणि ही नुसती बघत होती! परत येताना गाडीत तिने डोकं वर काढलं नाही. घरी जाऊन म्हणाली, आता खेळणार नाही. तिचा बाप दत्तूही म्हणाला, झालं तेवढं पुरे. आणि मी काय केलं? मीही मनातल्या मनात तिचं नाव खोडून टाकलं. हात चांगले आहेत, काळीज नाही, असा निकाल देऊन मोकळी झाले.

दोन दिवसांनी धोंडिभाऊ शाळेत आले. तोवर त्यांना मी फक्त येता-जाता पाहिलेलं. उंच, काटक, डोक्याला टॉवेल. धनगराचं घर. बापाच्या काळात दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आता थोडी मेंढरं धाकट्या भावाकडे आणि हे टोमॅटो-कांद्याच्या शेतीत. मला वाटलं, आले नातीसाठी भांडायला. मी पदर खोचूनच बसले. तर ते म्हणाले, "बाई, भांडाया न्हाई आलो. येक इचारायचंय. पोरी रोज सराव करत्यात ते मी बगतो. पण त्या खेळत्यात कवा?"

"म्हणजे? रोज खेळतातच की."

"त्यो सराव झाला. म्याच किती खेळलीय काजल?"

मी मनात मोजलं. एक. एकच.

"येका म्याचवर माणूस वळखता व्हय तुमी? लई हुशार हायसा मग," म्हणाले आणि हसले. मला असा राग आला म्हणून सांगू! फुटबॉल कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, तो मला शिकवणार? मी म्हटलं, आधी पाया पक्का व्हायला हवा, मग मॅच. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले, "कोकराला घाट घरी बसून शिकवता येतो का बाई? घाटात न्यावंच लागतंय. दोनदा घसरतंय, तिसऱ्या खेपंला पाय बगून टाकतंय. आन् वर्साला येकदाच नेलं, तर दर खेपंला नवंच की त्याला." मग त्यांनी माझ्याकडे मागणं मांडलं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दर रविवारी एक मॅच. मॅच ठरवायचं, गाडीचं, सगळं त्यांच्याकडे. तोवर काजलला गोलमधून काढायचं नाही. "शिमग्यानंतर तुमी म्हणाल ते. पोरीला मी सांगतो, घरात पन मी बगतो." काजलची हातातून जाऊ घातलेली फुटबॉलची वाट अशी त्या म्हाताऱ्याने चार महिन्यांसाठी धरून ठेवली. मी हो म्हटलं, पण खरं कारण सांगते... शिमग्याला त्यांना तोंडावर पाडायचं होतं मला.

दर रविवारी खेळायला संघ कुठून आणणार, हा माझा प्रश्न. त्यावर भाऊंचं उत्तर तयार होतं: सावड. आमच्याकडे कांद्याच्या लावणीला सावड असते. आज आम्ही सगळे तुझ्या रानात, उद्या तुम्ही सगळे आमच्या रानात. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, फक्त आपली पाळी चुकवायची नाही. भाऊंनी फुटबॉल त्याच रीतीत बसवला. या रविवारी तुम्ही आमच्याकडे, पुढच्या रविवारी आम्ही तुमच्याकडे. टोमॅटोच्या निमित्ताने त्यांच्या ओळखी जुन्नरपासून घोडेगावच्या पुढे डोंगरातल्या गावांपर्यंत. चषक नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. गोलला टोमॅटोचे बांबू आणि वर सुतळी. त्यांच्या पिकअपमधून मुली जायच्या आणि अंगाला टोमॅटोच्या पाल्याचा वास घेऊन मैदानात उतरायच्या.

पहिली सावड आमच्याकडे होती. घोडेगावकडचा संघ सकाळी आला, आणि आम्ही जी चूक केली ती आमच्याच मुलखातली माणसं करू जाणोत. पाहुणे उपाशी खेळणार कसे? धोंडिभाऊंच्या मंडळींनी मॅचच्या आधी त्या पोरींना मासवडी, झणझणीत रस्सा आणि बाजरीच्या भाकरी अशा आग्रहाने वाढल्या की विचारू नका. "खा गं, लाजू नगंस, आजून येक." अर्ध्या तासाने त्या मुली मैदानात उतरल्या आणि पोट धरून चालायला लागल्या. आम्ही सहा गोलांनी जिंकलो. मी खूश! भाऊ मात्र डोकं खाजवत म्हणाले, "बाई, आज आपल्याला येवडंच समजलं, का मासवडी खाऊन पळता येत न्हाई. ही म्याच धरू नगा." पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. आमच्या दोन मुली लावणीला गेल्यामुळे आम्ही नऊच. तर त्या गावाने सावडीच्या रीतीप्रमाणे आपल्याकडच्या दोन पोरी आम्हाला दिल्या, आणि पाहुण्यांना वाईट देऊ नये म्हणून दिल्या त्या त्यांच्या सगळ्यात चपळ दोघी! जिंकलो पुन्हा आम्हीच, आणि हरलेल्या गावाला त्याचं कौतुक. मी कपाळाला हात लावला. त्यानंतर जेवण मॅच झाल्यावर आणि ज्याचे खेळाडू त्याच्याकडे, असे दोन नियम झाले, आणि खरा खेळ सुरू झाला. म्हणजे आम्ही हरायला लागलो.

हरलो की मी गाडीत चुका मोजायचे. भाऊ मध्येच थांबवायचे. "तुमी उद्या सांगा. आज त्यास्नी बोलू द्या." मग गाडी चालवता चालवता ओरडून विचारायचे, ती पिवळ्या रिबिनीची पोरगी दर वेळंला डाव्या बाजूनंच का येत व्हती गं? पाऊस नसताना बॉल त्या कोपऱ्यात का थांबायचा? मुली एकमेकींचं बोलणं तोडत उत्तरं द्यायच्या. त्या माणसाला कोण जिंकलं याचं फारसं पडलेलं नसायचं. असं का झालं, याची मात्र भारी उत्सुकता! एकदा मला म्हणाले, "बाई, वर्साला येकच म्याच म्हंजी धाव्वीचा पेपर. हात कापणारच. दर रविवारी म्याच म्हंजी आठवडी बाजार. आज न्हाई जमलं, पुढल्या बाजाराला बगू." मी वरवर हं म्हटलं, पण रात्रंदिवस ते डोक्यात घोळत राहिलं. हरणं रोजच्यातलं झालं की मुलगी हरण्याकडे बघू शकते, हे मला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग तो रविवार आला. सहावा असेल किंवा सातवा. नारायणगावजवळ एका गावात, नांगरून सपाट केलेल्या रानात मॅच होती. समोरची एक मुलगी एकटीच चेंडू घेऊन सुटली. मी मनात म्हटलं, गेला गोल. काजल रेषेवर उभी. एक क्षण... आणि ही पोरगी रेषा सोडून सरळ पुढे धावली! समोरची गडबडली, चेंडू तिच्याच पायात अडकला, काजलने झडप घातली. मी ओरडलेच, "अगं कुणी सांगितलं तुला पुढे यायला?" ती मातीतून उठत म्हणाली, "कुणी न्हाई बाई. मागं थांबलं का गोल मोठा दिसतो तिला. चार रविवार बगतीया मी."

त्या दिवशी गाडीत मी माझ्याच चुका मोजल्या. दोन वर्षं मी बारा पावलांवर उभी राहून तिच्याकडे चेंडू फेकत होते. चेंडू तिच्याकडे यायचा आणि ती रेषेवर उभी राहून अडवायची. मी तिला थांबायलाच शिकवलं होतं! तालुक्याच्या मॅचमध्ये ती खांबासारखी उभी राहिली, ती भित्री होती म्हणून नाही, तर माझी गुणी विद्यार्थिनी होती म्हणून. आणि मी तिच्या काळजाला नावं ठेवली. माझं चुकलं, साफ चुकलं. सराव नको असं नाही, भाऊसुद्धा कधी तसं म्हणाले नाहीत. त्या सरावानेच तिच्या हातात जोर आला. पण चेंडू कुठून येईल हे ठाऊक नसतं तेव्हा काय करायचं, ते फक्त मॅच शिकवते, आणि तेही एका मॅचमध्ये नाही. शिमगा आला. मी स्वतःहून भाऊंकडे गेले आणि म्हटलं, तुमचं खरं झालं. वाटलं होतं, मिरवतील. तर म्हणाले, "माजं कसलं खरं? मलाबी काय म्हाईत व्हतं? मी आपलं बगत व्हतो, काय व्हतंय ते." आणि लगेच, "पुढला रविवार आदिवासी भागात ठरवू का? तिथल्या पोरी उताराला लई जोरात पळत्यात म्हणं. का पळत असतील?"

तीन वर्षं चाललं हे. पाऊस आणि परीक्षा सोडल्या तर रविवार चुकला नाही. काजल यंदा दहावीत आहे. जिल्ह्याच्या निवडीला जाऊन आली. निवड झाली नाही, पण परत आल्यावर तिथल्या गोलकीपर मुली काय वेगळं करत होत्या, ते तासभर सांगत होती. पूर्वीची काजल असती तर पुन्हा चेंडूला शिवली नसती.

भाऊंचा दहावा झाला, तेरावाही झाला. त्यानंतर दत्तू एक जुना, टवके उडालेला फोन घेऊन शाळेत आला. "बाई, ह्यो तुमीच ठेवा. दिसभर कुणी ना कुणी म्याचचं इचारतंय. आमाला काय सांगावं कळत न्हाई." मी फोन उघडून बघितला. काजलकडून भाऊंनी नावं घालून घेतली होती, पण नावं कुठली! 'वडाखालची टीम.' 'उंच पोरींचं गाव.' 'चप्पल घालून पळणारं मास्तर.' आणि माझ्या नंबरावर लिहिलं होतं, 'बाई, आधी न्हाई म्हणत्यात.' मी हसायला लागले आणि हसता हसता कधी हुंदका फुटला ते कळलं नाही. दत्तू बिचारा कावराबावरा होऊन उभा.

दोन दिवसांनी तो फोन वाजला. घोडेगावच्या वर, डोंगरातल्या एका शाळेतली तरुण शिक्षिका बोलत होती. भाऊंना तिने मुलींचा संघ केल्याचं सांगून ठेवलं होतं, आणि भाऊ तिला दर आठवड्याला फोन करून कधी येता म्हणून विचारायचे. तिला काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तिने दोनदा विचारलं, कधी, कसं. मग म्हणाली, "मग राहू द्या बाई. आमच्या मुली एकही मॅच खेळल्या नाहीयेत अजून. पुढे बघू कधीतरी."

"पुढे नाही. या रविवारी आम्ही तुमच्याकडे येतो," मी म्हटलं. "आणि हे बघा, जेवण मॅचनंतर."

पिकअप दत्तूने आणली. काजलला मी म्हटलं होतं, यायचंच असं काही नाही. ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. त्या मुली अनवाणी होत्या, पास म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं, पण उतारावरून त्या अशा सुटायच्या की बास! आमच्या पोरी बघतच राहिल्या. काजलने तीन गोल खाल्ले. तिसरा गेला तेव्हा ती जागेवरच बसली, गुडघ्यात डोकं घालून. वाटलं, आणायला नको होतं हिला इतक्यात, चूक केली मी. मॅच संपली. ती डोळे पुसत, धुळीने माखलेली, माझ्याकडे आली.

"बाई, आबा असतं तर आत्ता इचारलं असतं, तिसरा कुठनं आला म्हणून."

मी तिच्या केसांतली धूळ झटकली.

"उतारावनं येताना त्या बॉलकडं बगतच न्हाईत, पायानंच वळखत्यात," ती म्हणाली. "मी बॉलकडं बगत बसले. आता त्यांची पाळी ना आपल्याकडं यायची? रविवारीच बोलवा. मला परत बगायचंय."

मी पर्समधून भाऊंचा फोन काढला आणि तिच्या हातात दिला. त्या नव्या बाईंचा नंबर अजून नावाशिवायच होता. काजलने लिहिलं, 'पायानं बगणाऱ्या पोरी.'