पैनगंगेतला चांदीचा डोंगा

महागाव तालुक्यात कुणालाही विचारा, आवाज खाली करून हेच सांगेल: पैनगंगेच्या डोहात शंकरसिंगच्या पणज्याचा चांदीनं भरलेला डोंगा बुडालेला आहे, आणि जागा फक्त म्हाताऱ्या शंकरसिंगलाच ठाऊक. बैलांवर मीठ वाहणाऱ्या पणज्याला डोंगा कशाला लागला, हे मात्र कुणी विचारलं नाही. वीस वर्षं शंकरसिंगनं ही कुजबुज लेकरासारखी वाढवली. बुडी मारायला आलेल्यांना तो सांगे, "पणजा राखण करते तिथं. पाय धरते." मग कुणी डोहाकडे फिरकत नसे. त्याला तेच हवं होतं.

घोटाळा केला मोबाईलनं. कुठल्याशा समुद्रात शेकडो वर्षांपूर्वीचं जहाज सापडल्याचा व्हिडिओ शंकरसिंगच्या बंजारा तांड्यात फिरला, अन् पुतण्या संजयला घरचा डोंगा आठवला. त्यात यंदा डोह आटलेला. रविवारी काठावर जत्राच भरली: भज्यांची गाडी, ट्रॅक्टर, तारेचा दोर. शंकरसिंगला हार घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"मले घरी जाऊ द्या रे, पोट दुखून राह्यलं."

"चांदी पाहून थांबते दुखणं, काका!" संजयनं त्याला खांदे दाबून परत बसवलं.

मागून बायको बसंतीबाई फणकारली, "लगनात मले एक कडं नाही केलं, अन् पणजा डोंगा भरून ठेवून गेलता म्हणे!"

सगळे हसले. शंकरसिंगचं लक्ष दोर घेऊन पाण्यात चाचपडणाऱ्या मारोतीवर होतं. मारोती देवरावच्या गुऱ्हाळावरचा जुना गडी. तिथली गूळ कढवायची लोखंडी काहील, चार माणसं बसतील एवढी, नाहीशी झाली आणि आळ त्याच्यावर आला. काम गेलं. गाव अजून त्याला काहीलचोर म्हणतं.

"शंकरभाऊ, लोखंडाचा काठ लागून राह्यला!" मारोती ओरडला. "वढू काय?"

नको म्हणावं, तर कारण सांगावं लागेल. हो म्हणावं, तर त्या लोखंडी काठावर ठोकलेल्या 'देवराव' या अक्षरांसकट सगळं वर येईल. सारे मोबाईल त्याच्याकडे वळले. शंकरसिंगनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

"वढ, मारोती."

डोंगा कधी नव्हताच. वीस वर्षांपूर्वी होळीला शंकरसिंगनं ती काहील न विचारता नेली, तिच्यात बसून पलीकडच्या तांड्यावर होळीची लेंगी गाणी गायला निघाला, मधेच उभा राहून नाचला आणि ती बुडवली. मारोतीला चोर ठरवलं तेव्हा शंकरसिंग गप्प बसला.